कोपऱ्यावरचा विसावा

"मीच का म्हणून?"

एवढंच. तेही ओठांतल्या ओठांत. पण मी खांद्याला खांदा लावून बसले होते, त्यामुळं मला ऐकू आलं.

महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे उपासनेनंतर प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षरसाचं. त्याआधी आमचे पाळकसाहेब सगळ्यांना डोळे मिटायला सांगतात. म्हणतात, आपापल्या मनात जाऊन बघा, कुणाविषयी काही अडकून राहिलंय का. असेल तर आधी ते सोडवा, मग या भाकरीला हात लावा. बारामतीतलं आमचं चर्च लहान. त्या मिनिटाला आत इतकी शांतता होते की बाहेरच्या रसवंतीचे घुंगरू ऐकू येतात. त्या शांततेत माझा नवरा देवाशी कुरकुरत होता.

"मीच का म्हणून? त्याला सांग की."

मग एक उसासा, आणि मग माझ्या कानाशी येऊन, "गाडी उन्हात राहिली." हे उठले आणि बाहेर गेले. आमची गाडी म्हणजे स्कूटर. ती मी स्वतः चिंचेच्या सावलीत लावायला लावली होती.

गेल्या महिन्यात ऐन वेळी खोकला आला होता. त्याच्या मागल्या महिन्यात फोन. भाकर आणि प्याला ओळीनं पुढं सरकत माझ्यापर्यंत आला आणि शेजारच्या रिकाम्या जागेवरून पलीकडं गेला. पलीकडच्या बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. आमच्या मंडळीत लोक फार समजूतदार आहेत. कुणी काही विचारत नाही.

ह्यांचं नाव शांतवन. सासूबाईंची आधीची दोन लेकरं गेली, मग हे झाले, म्हणून ठेवलेलं. भवानीनगरच्या कारखान्यावर फिटर होते. हंगामात रात्रपाळी करून, नखांत ग्रीस तसंच ठेवून, हा माणूस थेट उपासनेला यायचा. डुलक्या घ्यायचा, पण भाकरीच्या वेळी टक्क जागा. "वर्षभर मशीनं दुरुस्त करतो, महिन्यातनं एकदा आपलं ओव्हरहॉलिंग नको?" असं म्हणायचे. आता तोच माणूस स्वतःला बाहेर काढत होता. कुणी काढलं नव्हतं. आपणच आपल्याला दाराबाहेर उभं करत होता, आणि पुढं किती महिने करणार होता ते मला दिसत होतं, कारण ज्या गोष्टीमुळं हे चाललं होतं ती गोष्ट दगडाची होती. तिच्यावर देवाचं वचन कोरलेलं होतं.

तर त्या दगडाचं सांगते.

निवृत्तीनंतर आम्ही पिंपळीत घर बांधलं. डांबरी रस्त्यावरून शेतांकडं जी पाणंद वळते, बरोबर त्या वळणावर आमची जागा. पाणंदीनं आत गेलं की संभाजीचं घर आणि त्याचा ऊस. संभाजी आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, अंगानं दांडगा, तोंडानं त्याहून दांडगा. त्याचे वडील रामहरी तात्या, आई प्रयागबाई. चांगले शेजारी. पहिल्या दिवाळीला त्यांच्याकडून करंज्या आल्या, आमच्याकडून नाताळला केक गेला. तात्यांनी केक चहात बुडवून खाल्ला आणि हा पाव चांगला आहे म्हणाले.

वर्ष गेलं आणि उसाचा हंगाम आला. भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर पाणंदीतून बाहेर पडायचा तर वळण आखूड पडायचं. मागल्या ट्रॉलीचं चाक आमच्या कोपऱ्यावरून जायचं. त्या कोपऱ्यात माझी शेवंती होती. एकदा गेली, मी परत लावली. पुढच्या खेपेला शेवंतीबरोबर पाण्याचा पाइपही गेला. मग हे बोलायला गेले. चूक एवढीच केली की घरी नाही गेले, फाट्यावरच्या टपरीवर गेले. तिथं संभाजी चार माणसांत बसला होता, आणि चार माणसांत संभाजीला गप्प राहता येत नाही.

ह्यांनी नीट सांगितलं. जरा मोठं वळण घ्या, एवढंच. संभाजीनं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"फिटर, तुमचा येशू म्हणतो न्हवं, एका गालात मारली तर दुसरा म्होरं करा? मग एका कोपऱ्याला काय धरून बसलाय? तुमाला दुसरा कोपरा बी हाय की."

टपरी हसली. टपरीवाला तर ह्यांनाच टाळी द्यायला हात पुढं करून हसला. संभाजीच्या मनात विष नव्हतं. तो त्याच्या बापाचीही अशीच उडवतो. पण हे घरी आले ते चहा न घेता. संध्याकाळच्या प्रार्थनेला शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडलं, मांडीवर ठेवलं आणि वाचलंच नाही. मग म्हणाले, "शिवी दिली असती तर चाललं असतं. प्रभूचंच वाक्य घेऊन मारलं."

मी म्हणाले, सोडा आता. हे हो म्हणाले. सोडलं नाही.

पावसाळा सरता सरता हे एकदा जेवताना सहज म्हणाले की या रस्त्यानं दमलेली माणसं जातात, म्हाताऱ्यांना टेकायला जागा नाही, एक दगडी बाक घालावा. वर वचन लिहू. कष्टी, दमल्याभागल्यांना प्रभू बोलावतो, माझ्याकडं या, ओझं उतरवा, मी विसावा देतो, ते.

मी म्हणाले, चांगलं आहे की. कुठं घालायचा?

"कोपऱ्यावर," ते म्हणाले.

माझा हात भाकरीवर होता, तो तिथंच थांबला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, मग उलटली. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. शेवंती माझीच होती.

पाटी कोरणारा होता इंदापूर रस्त्यावरचा. त्याचं नेहमीचं काम बंगल्यांच्या नावांचं. हे सगळं वचन लिहून देऊन आले. त्यानं वाचलं, आणि त्याला वाटलं की विसावा हे आमच्या घराचं नाव आहे, बाकीचा मजकूर शोभेचा. निवृत्त माणसांच्या घरांची नावं बहुतेक हीच असतात, त्याचा तरी काय दोष. त्यानं पाठीच्या काळ्या कडप्प्यावर मधोमध वीतभर उंचीची अक्षरं कोरली, विसावा, त्यात पांढरा रंग भरला, आणि बाकीचं वचन खाली मुंगीएवढ्या अक्षरांत. ते वाचायचं तर गुडघ्यावर बसावं लागतं. ह्यांचा चेहरा पडला होता, पण परत करायला घेतला तर आणखी पंधरा दिवस जाणार होते, आणि पुढचा हंगाम तोंडावर आला होता. तसाच बसवला. जागा आमचीच, हद्दीच्या आत, पण अगदी टोकाला. दोन माणसांनी मिळूनही हलणार नाही असा काँक्रीटमध्ये.

समर्पणाला पाळकसाहेब आले, मंडळीतली सात-आठ घरं आली. संभाजीलाही बोलावलं होतं. तो पांढरी टोपी घालून आला, पेढा खाल्ला, बाकाकडं बघितलं, मग पाणंदीकडं, मग परत बाकाकडं. नजरेनंच ट्रॉली वळवून बघितली असणार. वळली नाही. त्यानं टोपी काढली, बाकाला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाला, "चांगलं केलं, फिटर."

नंतर टपरीवर तो जे बोलला ते माझ्यापर्यंत भागूबाईनं आणलं. भागूबाई आमच्याकडं दूध घालते आणि दुधाबरोबर बाकीचंही घालते. तो म्हणाला होता, नुसता दगड असता तर एका पहारीत काढला असता, पण देवाचं नाव घातलंय त्यानं. कुठला का देव असंना, आपण हात कसा लावणार.

मी हे ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "असं म्हणाला का." एवढंच म्हणाले, पण पोचपावती मिळाल्यावर माणूस जसा कागद घडी घालून खिशात ठेवतो तसे म्हणाले.

हंगाम सुरू झाला. ट्रॅक्टर आत जाईना. पाणंदीच्या दुसऱ्या टोकाला ओढा, तिकडून वाट नाही. मग ट्रॉल्या डांबरीवर उभ्या राहायच्या आणि ऊसतोडीची टोळी तोडलेला ऊस डोक्यावरून डांबरीपर्यंत आणायची. बायका, पुरुष, मोळ्याच्या मोळ्या. पाणंदीची सगळी लांबी. आमच्या दारावरून ती रांग जायची तेव्हा पाचटाची सळसळ व्हायची आणि बायकांच्या मानेच्या शिरा दिसायच्या. त्यातली म्हाळसा नावाची एक होती, पोटुशी. ती एकदा बाकापाशी थांबली, मोळी त्याच्या पाठीला टेकवली, जरा वेळ बसली. मी पाणी दिलं. तिनं पाणी पिऊन बाकावर हात फिरवला आणि म्हणाली, "बरं केलं बाई, हितं बसाया केलं ते. लई लांब पडतंय."

मी घरात आले आणि उगीच पातेली घासायला घेतली. घासलेलीच होती.

हे दुसऱ्या दिवसापासून रांजण भरून बाकाशेजारी ठेवायला लागले. स्वच्छ ओला फडका, वर झाकण, पितळी ओगराळं. रांजणाची व्यवस्था इतकी चोख की पाळकसाहेबांनी एका रविवारी उपदेशात आमच्या बाकाचा दाखला दिला. विसावा आणि तहानेल्याला पाणी, दोन्ही एका ठिकाणी. वचन नुसतं ऐकू नका, जगा, या शांतवन बंधूंसारखं. लोकांनी मागं वळून ह्यांच्याकडं बघितलं. काटेवाडीच्या एका कुटुंबानं तर आपल्या दारात तसाच बाक घालायचं ठरवलं. वृषाली, म्हणजे पाळकसाहेबांची बायको, मोबाइलवर फोटो काढायला आली आणि मंडळीच्या नव्या कॅलेंडरवर बाक छापून आला, जानेवारीला. इतक्या वर्षांत जानेवारी उलटायची घाई मला कधी झाली नव्हती, यंदा झाली.

उपदेशाच्या त्या रविवारपासूनच फोन, खोकला आणि ऊन सुरू झालं.

घरात हे बोलत तेवढेच होते, पण बसेनासे झाले. सकाळी उठले की बाकाकडं चक्कर, नाश्त्याआधी चक्कर, दुपारी मी आडवी झाले की हे बाहेर जाऊन बाकावर बसलेले. मी म्हणायचे, जरा पडा. म्हणायचे, बसलोय की, बसणं म्हणजे आरामच. पण बसायचे ते दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ न टेकता, पाणंदीकडं तोंड. कारखान्याच्या गेटवर वॉचमन बसतो तसे. लोकांना विसावा देणारा बाक बांधला आणि त्याच्यावर पहारा करायला स्वतःला नेमलं. रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि विचारलं, कसली काळजी आहे का? "रिटायर माणसाला कसली काळजी?" हे म्हणाले.

शास्त्र मात्र फार वाचायला लागले. मी कपडे शिवायला बसायचे आणि हे समोर पानं उलटायचे. कुठं तरी एखादं वचन मिळेल, ज्यात आपलं बरोबर निघेल, असं शोधणं चाललं होतं. हद्दीचा दगड सरकवू नये, असं एक सापडलं तेव्हा दोन दिवस जरा बरे होते. मग ते सापडलं. वेदीशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथं आठवलं की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. ते वाचून चष्मा काढला. मी शिलाई थांबवली. वाटलं, आता बोलतील.

"त्याचं माझ्याविरुद्ध काय असणार?" मला विचारल्यासारखं म्हणाले. "त्यानं तर बाकाला नमस्कार केला."

मी सुईत दोरा ओवत राहिले. दोरा आधीच ओवलेला होता.

बाकाचा खराखुरा उपयोग एकाच माणसानं केला, रामहरी तात्यांनी. काठी टेकत यायचे, ह्यांच्या शेजारी बसायचे, पाय वर घ्यायचे आणि पाठ टेकायचे, अगदी वीतभर अक्षरांवर. वाचता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी विचारलं, काय लिहिलंय. ह्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. मग रोजचंच झालं.

"फिटर, वाचा की."

"रोज तेच आहे तात्या. काल वाचलं."

"देवाचं रोज त्येच आसतंय. वाचा."

मग हे उठायचे, गुडघ्यावर बसायचे, मुंगीएवढी अक्षरं चष्म्यातून बघायचे आणि वाचायचे. तोंडपाठ होतं, पण तात्यांना बघून वाचलेलं लागायचं. एका दुपारी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, तेव्हा तात्या म्हणाले, "कष्टी म्हंजी आमीच की."

"सगळेच," हे म्हणाले.

"आन् ह्यो इसावा देतो म्हणतो, त्यो हितंच का मेल्यावर?"

ह्यांनी पाणंदीकडं बघितलं. मोळ्यांची रांग येत होती. मग म्हणाले, "इथंच देतो, तात्या. पण घ्यायला जमलं पाहिजे."

"तुमाला जमलं का?"

हे हसल्यासारखं करून रांजणाचं झाकण नीट करायला उठले. तात्या रांगेकडं बघत राहिले. मग काठीनं मातीत रेघ ओढत म्हणाले, "आमचा संभा तोंडाचा फटकळ हाय. त्याच्या आज्याव गेलाय. पर मनात काय न्हाय त्याच्या, फिटर."

याच्यापेक्षा मोठं दार कुणी कुणासाठी उघडत नाही. मी तांदळातून हात काढून घेतला. हे पाठमोरे होते. झाकण दोनदा उचललं, दोनदा ठेवलं.

"ऊन उतरलं," हे म्हणाले. "चला, घरापर्यंत सोडतो."

तात्या उठले. हे त्यांचा हात धरून पाणंदीनं गेले, आणि मला वाटलं की हा माणूस या म्हाताऱ्यासाठी काहीही करेल, फक्त एक गोष्ट सोडून.

मग मीच पाळकसाहेबांना निरोप धाडला की एकदा येऊन ह्यांच्याशी बोला. ते आले. चहा झाला, पोहे झाले. शांतवन बंधू, सगळं ठीक ना? ठीक. प्रभुभोजनाला आपण दिसत नाही? हो, ते जरा योगायोगानं. खिडकीतून कोपरा दिसत होता. दोन ट्रॉल्या डांबरीवर उभ्या होत्या, पाणंदीतून बाया डोक्यावर ऊस घेऊन येत होत्या आणि बाकाला वळसा घालून जात होत्या. पाळकसाहेबांनी ते बघितलं. कप न संपवताच बशीत ठेवला. त्यांना तिथंच कळलं, आणि त्याबरोबर हेही कळलं असणार की समर्पणाची प्रार्थना त्यांनी केली आहे, उपदेश त्यांनी दिला आहे आणि कॅलेंडर छापून झालं आहे.

"आपण प्रार्थना करू या," ते म्हणाले.

लांब प्रार्थना केली. हे प्रभू, ज्या गोष्टी आम्हाला दिसत नाहीत त्या तू बघतोस. माणूस बाहेरचं बघतो, तू हृदय बघतोस. मी एक डोळा उघडून खिडकीकडं पाहिलं. न दिसण्यासारखं तिथं काही नव्हतं. जाताना पाळकसाहेबांनी ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला, जरा जास्तच वेळ, आणि गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तात्या गेले. आजारी नव्हते. सकाळी तोंड धुवायला उठले, उंबऱ्यात बसले, बसलेच.

भागूबाईनं सांगितलं तेव्हा हे दाढी करत होते. अर्धी दाढी तशीच पुसली आणि निघाले. मी मागोमाग. संभाजीच्या अंगणात माणसं जमलेली. संभाजी खांबाला टेकून उभा होता. टोपी नव्हती, आणि टोपीशिवाय तो एकदम लहान दिसत होता. ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं बघितलं, मान हलवली. कळक आला, तिरडी बांधायला घेतली, तेव्हा हे खाली बसले आणि गाठी मारायला लागले. फिटरच्या हाताच्या गाठी. कुणी नको म्हणालं नाही.

इंदापूरकडचे पाहुणे आले. मानसिंग, तात्यांच्या बहिणीचा मुलगा, आणि त्याची दोन भावंडं, तिघंही धिप्पाड. पुढचा खांदा त्यांनी दिला. मडकं धरून संभाजी पुढं. मागं आम्ही बायका. या गावात बायका स्मशानापर्यंत जात नाहीत. वाटेत एका ठिकाणी प्रेत खाली टेकवतात, खांदेकरी बदलतात, पुढचे मागं होतात आणि मागचे पुढं, आणि बायका तिथून माघारी फिरतात. त्या जागेला विसावा म्हणतात. पूर्वी हा विसावा डांबरीच्या कडेच्या लिंबाखाली होता. रस्ता रुंद केला तेव्हा लिंबही गेला आणि त्याच्या बुडाचा दगडही. तेव्हापासून जिथं सुचेल तिथं टेकवतात. गावातल्यांना हे माहीत. इंदापूरच्या पाहुण्यांना कुठून माहीत असणार?

पाणंद संपत आली. खांदेकऱ्यांत मानसिंग पुढं होता, घामानं डोळे भरलेले. समोर काळ्या दगडावर पांढरी अक्षरं. तो थांबला.

"हितंच न्हवं?" त्यानं संभाजीला विचारलं. "लिवलंय की, इसावा."

मागची सगळी माणसं थांबली. गावातले जे होते ते सगळे थांबले, आणि कुणी मानसिंगाकडं बघेना, कुणी बाकाकडं बघेना, ह्यांच्याकडं तर कुणीच बघेना. टपरीवाला चपलेनं माती उकरायला लागला. भागूबाई पदर तोंडाला लावून गप्प, आणि भागूबाई गप्प म्हणजे काय ते आमच्या गावात विचारा. हे माझ्यापासून चार पावलांवर, अर्ध्या दाढीनिशी उभे. त्यांचा खालचा ओठ दाताखाली होता.

संभाजी बाकाकडं बघत होता. मडक्याच्या भोकातून धूर येत होता. त्याला नाही म्हणता आलं असतं. थोडं पुढं चला म्हणायला काय लागतं?

"ठेवा," तो म्हणाला.

तिरडी बाकाच्या पायाशी टेकवली. खांदेकरी बाजूला झाले, कुणी खांदा चोळला, कुणी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं, रांजणातलंच. प्रयागबाईंना दोघींनी धरलं होतं. त्यांना उभं राहवेना. मी पुढं झाले आणि त्यांना बाकावर बसवलं, तात्या बसायचे त्या बाजूला. त्यांनी हात मागं नेऊन अक्षरं चाचपली. मग इकडंतिकडं बघितलं आणि ह्यांना शोधलं.

"फिटरभाऊ," त्या म्हणाल्या. आवाज असा की अंगणभर रडून झाल्यावर उरतो तेवढाच. "तुमच्या बाकाचं लई कौतुक व्हतं त्यांना. घरात जीव रमायचा न्हाय. हितं येऊन बसायचे. जातानी बी तुमीच जागा दिली. आमच्यासाठी कोन एवढं करतं?" त्यांनी हात जोडले. "तुमचा देव तुमचं भलं करील."

मला वाटलं, आता हे रांजणाकडं वळतील. किंवा म्हणतील, प्रभूची इच्छा. असं म्हणायची आम्हाला सवय आहे, आणि ते खोटंही नसतं.

ह्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. मग प्रयागबाईंसमोर मातीत गुडघ्यावर बसले, वाचायला बसायचे तसेच, पण तोंड दगडाकडं नव्हतं.

"हात जोडू नका, काकी," हे म्हणाले. इतकं हळू की मागची माणसं पुढं सरकली. "हा बाक मी तात्यांसाठी घातला नाही. कुणासाठीच नाही. संभाजीची ट्रॉली वळू नये म्हणून घातला."

संभाजीनं मान वर केली नाही.

"आणि वचन," हे म्हणाले, आणि थांबले, आणि परत सुरू केलं. "वचन मीच घातलं त्याच्यावर. तुम्ही कुणी त्याला हात लावणार नाही, हे मला ठाऊक होतं म्हणून घातलं."